विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ, निसर्ग-अभ्यासक आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. दख्खनच्या पठारावरील सस्तन प्राणी, पक्षी आणि मासे यांच्या पहिल्या शास्त्रीय याद्या त्यांनी तयार केल्या. पुणे परिसरातील नद्यांमध्ये आढळणाऱ्या अनेक माशांची आजची शास्त्रीय नावे साइक्स यांनी दिलेली असून त्यांपैकी बरीच नावे स्थानिक बोलीतील शब्दांवरून घेतलेली आहेत. दख्खनी महसीर अर्थात 'टॉर खुद्री' हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मासा होय. हौशी गळवाले हा मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडतात, तसेच मत्स्यबीज केंद्रांत वाढवून तो निरनिराळ्या नद्यांत सोडला जातो. अशा सोडलेल्या माशांची ओळख पटवण्याचा प्रश्न साइक्स यांच्या लेखनाशी थेट जोडलेला आहे.

प्रारंभिक जीवन आणि लष्करी सेवा

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळच्या एका कुटुंबात झाला. १८०३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून दाखल झाले आणि १८०४ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात ते उपस्थित होते.

१८१७ ते १८२० या काळात ते दख्खनमध्ये होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या खडकी आणि पुणे येथील लढायांत, तसेच त्यानंतरच्या डोंगरी किल्ल्यांच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला. मुळा आणि मुठा या नद्यांचा प्रदेश त्यांनी प्रथम पाहिला तो असा, युद्धाच्या निमित्ताने. याच सुमारास वेरूळच्या लेण्यांविषयीचा त्यांचा लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले आणि १८२० मध्ये युरोपला परतले.

सांख्यिकी अधिकारी

१८२४ मध्ये साइक्स यांचा विवाह एलिझाबेथ हे यांच्याशी झाला. त्याच वर्षी ते भारतात परत आले आणि मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. पेशवाई संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. नव्या सत्तेला आपल्या ताब्यातील मुलखाची लोकसंख्या, शेती, जमीनधारणा, हवामान आणि उत्पन्न यांची माहिती हवी होती. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे साइक्स यांच्या कामाच्या कक्षेत होते.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पद रद्द केले. तेव्हा साइक्स यांनी रजा घेतली आणि काम अर्धवट न सोडता ते पूर्ण केले. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल हातावेगळा करून ते इंग्लंडला निघाले. त्यानंतर ते लष्करी सेवेत परतले नाहीत; १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर ते निवृत्त झाले.

हवेचा दाब, पाऊस, गावचा वतनदार, रानातला रेशीमकिडा, ओढ्यातला मासा या सर्वांकडे साइक्स मोजण्याजोग्या आणि नोंदण्याजोग्या गोष्टी म्हणूनच पाहत. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याआधी १८३१ मध्ये त्यांनी सस्तन प्राण्यांची आणि १८३२ मध्ये पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. रानकुत्र्याला त्यांनी 'कॅनिस दखुनेन्सिस' असे नाव दिले. हा प्राणी पुढे वेगळी जात म्हणून टिकला नाही, परंतु साइक्सचा चंडोल ('देवा') आणि साइक्सचा वटवट्या ('रामा') या पक्ष्यांची त्यांनी दिलेली नावे आजही वापरात आहेत.

दख्खनचे मासे

माशांवरील प्रबंध साइक्स यांनी नोव्हेंबर १८३८ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये छापला गेला आणि चित्रांसह संपूर्ण प्रबंध १८४१ मध्ये निघाला. त्यातील माशांच्या शास्त्रीय नावांपुढे 'साइक्स, १८३९' असे लिहिण्याची प्रथा यावरूनच पडली.

या प्रबंधात समुद्रापासून दूर, पठारावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतील मासे आहेत. त्यांत कार्पच्या कुळातील आणि मिशा असलेल्या, बिनखवल्यांच्या माशांचे प्रमाण मोठे आहे. काही नावे साइक्स यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांच्या सन्मानार्थ ठेवली: यॅरेल यांच्यावरून 'यॅरेली', ऑगिल्बी यांच्यावरून 'ऑगिल्बी', चिल्ड्रन यांच्यावरून 'चिल्ड्रेनी'. मात्र यादीचा मोठा भाग नदीकाठच्या बोलीतून आला आहे. सिंघाला, सिंगटी, खुद्री, मुसुल्ला, कोलुस, नुक्ता, पोटैल, फुलंगी, बोग्गुट, टाकरी, अल्कुटी ही सर्व नावे लॅटिन द्विनाम पद्धतीच्या दुसऱ्या पदात बसवलेली आहेत. 'रोहटी' या नावाची तर त्यांनी स्वतंत्र प्रजातीच केली. शिंगाळा आणि शिंगटी विकत घेणाऱ्या मराठी गिऱ्हाईकाला जगभरच्या मत्स्यसूचीत आपले शब्द ओळखता येतात, ते यामुळे.

माशाचे वर्णन करताना साइक्स शरीराची प्रमाणे, मिशांची संख्या आणि प्रत्येक परातील काट्यांची संख्या देत. ही पद्धत आजही ओळख पटवण्याचा पाया आहे. रंग पाण्याप्रमाणे बदलतो, ओठांची जाडी एकाच जातीच्या दोन माशांत वेगळी असू शकते आणि पाठीचा उंचवटा वयाबरोबर वाढतो. परांतील काटे आणि अंगावरच्या मध्यरेषेवरील खवले यांची संख्या मात्र लहान माशात जेवढी असते तेवढीच मोठ्यातही राहते.

साइक्स यांच्या कामात एक उणीव राहिली. त्यांनी वर्णन केलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. वर्णन त्रोटक असेल तेथे पुढील अभ्यासकांच्या हाती केवळ चित्र आणि ठिकाणाचे नाव एवढेच उरले.

मुळा-मुठा आणि भोर-वेल्ह्याचे पाणी

खुद्रीचे मूळ ठिकाण म्हणून साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेचा, तर मुसुल्लाचे ठिकाण म्हणून शिरूरजवळच्या घोड नदीचा उल्लेख केला. दोन्ही नद्या भीमेच्या खोऱ्यातील आहेत.

साइक्स यांच्या सांख्यिकी अहवालाचा विषय ब्रिटिश अमलाखालील जिल्हे हा होता. भोरच्या पंत सचिवांचे संस्थान त्याबाहेर होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड असे त्याचे तालुके होते आणि आजच्या भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांचा बराचसा डोंगराळ भाग त्यांत येत असे. नदीला अर्थातच ही हद्द नव्हती. वेल्ह्याच्या डोंगरातून येणारी आंबी नदी मुठेला मिळते; म्हणजे साइक्स यांनी खुद्रीची नोंद केली त्या प्रवाहात वेल्ह्याचेही पाणी होते. गुंजवणी, कानंदी आणि वेळवंडी यांचे पाणी नीरेतून, बरेच खाली, भीमेला जाते.

महसीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट दिशेने चढतो आणि स्वच्छ, दगडगोट्यांच्या तळावर अंडी घालतो. त्यामुळे पठारावरील डोहात सापडणारा मोठा मासा आणि घाटमाथ्याजवळचे ओढे हे एकाच जीवनक्रमाचे दोन भाग ठरतात. साइक्स यांच्या काळी हा मार्ग मोकळा होता. पुढे मुठेवर खडकवासला, वेळवंडीवर भाटघर (सध्याचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले), आंबीवर पानशेत, नीरेवर नीरा देवघर आणि गुंजवणी धरण अशी साखळी उभी राहिली. धरणाच्या भिंतीच्या एका बाजूला सोडलेला मासा दुसऱ्या बाजूला आपोआप पोहोचू शकत नाही. या भागातील माशांच्या नोंदी वाचताना साइक्स यांची यादी धरणांपूर्वीच्या नदीची आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

उत्तरायुष्य

इंग्लंडमध्ये साइक्स यांचे आयुष्य सार्वजनिक कामांनी भरलेले होते. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचे अध्यक्षही होते. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून संसदेत होते. चीनमधील तायपिंग बंडाबाबत त्यांनी ब्रिटिश सरकारच्या धोरणावर टीका केली. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

नावांचा पुढील इतिहास

साइक्स यांनी खुद्री आणि मुसुल्ला हे दोन्ही मासे 'बार्बस' या तेव्हाच्या विशाल प्रजातीत ठेवले होते. नंतर महसीरांसाठी 'टॉर' ही प्रजाती रूढ झाली. १९४० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मुसुल्ला हाही महसीरच आहे असे मानले आणि 'टॉर मुसुल्ला' हे नाव उंच पाठीच्या महसीरासाठी वापरात आले. कर्नाटक आणि तमिळनाडूतील कावेरीत मिळणारा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर गळवाल्यांमध्ये जगप्रसिद्ध होता. त्यालाही कधी हे, तर कधी दुसरे नाव लावले जाई.

दरम्यान लोणावळ्याजवळच्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकाच्या आरंभापासून टाटा वीज कंपन्यांनी महसीराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले होते. मत्स्यतज्ज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचा या कामात मोठा वाटा होता. कृष्णेच्या खोऱ्यात धरणांमुळे घटत चाललेल्या माशासाठी हा प्रयत्न मोलाचा होता. तेथील खुद्रीची पिल्ले इतर राज्यांतही गेली आणि कावेरीतही सोडली गेली. खुद्री कावेरीत फोफावला. सोडलेला मासा आणि मूळचा मासा हे दोघेही तेथे महसीर म्हणूनच ओळखले जात, आणि मूळच्या माशाला निश्चित शास्त्रीय नाव नव्हते.

हा बदल उघडकीस आला तो गळवाल्यांच्या वह्यांमुळे. कावेरीवरील गालीबोरे येथील तळावर पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. कुबडाचा, नारिंगी परांचा महसीर आणि निळसर परांचा खुद्री यांत मासा पकडणारे लोक फरक करत असत. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचे विश्लेषण एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि कुबडाचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला, हे स्पष्ट झाले. त्या वेळी कुबडाच्या महसीराला मान्य नाव नसल्याने संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंदच होऊ शकत नव्हती.

२०१३ मध्ये मुसुल्लाचे कोडे सुटले. मूळ नमुना अस्तित्वात नसल्याने अभ्यासकांनी नवा प्रमाण-नमुना निश्चित केला आणि साइक्स यांचा मुसुल्ला महसीर नसून 'हिप्सेलोबार्बस' या वेगळ्या प्रजातीतील मासा असल्याचे दाखवले. कावेरीच्या माशाकडून हे नाव अशा रीतीने काढून घेतले गेले. २०१८ मध्ये तो केरळमधील पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला 'टॉर रेमादेवी' असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची अत्यंत संकटग्रस्त जात म्हणून नोंद झाली. 'टॉर खुद्री' या नावाला मात्र धक्का लागला नाही.

सोडलेल्या महसीराचा माग ठेवण्यासाठी आता पराच्या मुळाशी क्रमांकाची पट्टी लावणे किंवा कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी सांकेतिक चकती बसवणे अशा पद्धती उपलब्ध आहेत. हौशी गळवाला बहुधा छायाचित्र, लांबी, तारीख आणि ठिकाण एवढेच नोंदवतो. तुटलेला पर, जुनी जखम किंवा वेडावाकडा खवला यांवरून तोच मासा पुन्हा सापडल्याचे कधी कधी ओळखता येते. यांपैकी कोणत्याही नोंदीत जातीचा रकाना सर्वांत आधी भरावा लागतो. पुणे जिल्ह्यात पकडलेल्या महसीरासाठी त्या रकान्यात साइक्स यांनी मुळा-मुठेच्या काठावरून उचललेला 'खुद्री' हा शब्द लिहिला जातो.