भूदानाचे पदयात्री आचार्य विनोबा भावे

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला. या स्मरणिकेसाठी मीही दोन शब्द लिहावेत अशी समितीच्या मंडळींची आज्ञा झाली. मी पडलो तहसील कचेरीतला कारकून. शिक्षण एस. एस. सी.पर्यंत, आणि रोजचा संबंध सातबाऱ्याशी व फेरफाराशी. देवाधर्मावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तेव्हा दान आणि जमीन या दोहोंशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या पूज्य विनोबाजींचे चरित्र सांगावे असे मनात आले. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण घरच्या झाडाचा फणस उतरला की आधी शेजारीपाजारी गरे वाटायचे आणि मग मुलांनी खायचे, असा त्यांचा दंडक होता. देणाऱ्याच्या ठायी देव असतो आणि राखून ठेवणाऱ्याच्या ठायी राक्षस, हे या माउलीने मुलाच्या मनावर लहानपणीच बिंबवले. पुढे या मुलाने देशभर जे केले त्याचे मूळ त्या फणसात आहे, असे मला तरी वाटते.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि तडक काशीस गेले. सर्टिफिकिटे त्यांनी त्याआधीच चुलीत घातली होती. (आमच्यासारख्या, सर्टिफिकिटावर नोकरी लागलेल्या माणसास हे वाचून धडकी भरते.) त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळ कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली आणि ते त्यांचेच झाले. १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले. आईला समजावी म्हणून गीता मराठीत आणण्याचे जे मनात होते ते ‘गीताई’ रचून पुरे केले, पण तोवर आई हयात नव्हती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली. हे सर्व बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही.

खरी गोष्ट १९५१ सालची. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरले होते. विनोबाजी पवनारहून तेथवर पायी गेले. तेलंगणात त्या काळी आग पेटलेली होती. देशमुख-जहागीरदारांच्या हाती हजारो एकर जमीन आणि कसणाऱ्याच्या वाट्याला वेठबिगार, यातून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शस्त्रे हाती घेतली होती. दिवसा पोलिसांची भीती, रात्री दुसऱ्यांची. अशा मुलुखात हा पंचावन्न वर्षांचा, पोटाच्या दुखण्याने दह्यादुधावर राहणारा कृश माणूस कोणत्याही पहाऱ्याशिवाय चालत निघाला.

१८ एप्रिल १९५१ रोजी मुक्काम नलगोंडा जिल्ह्यात पोचमपल्ली गावी होता. तेथील हरिजन बांधवांची चाळीस कुटुंबे. विनोबाजींनी त्यांना तुमची अडचण काय म्हणून विचारले, तेव्हा आम्हास काम नाही, कसायला जमीन मिळावी, एवढेच त्यांनी मागितले. किती, तर ऐंशी एकर. चाळीस ओलिताची, चाळीस कोरडवाहू. सरकारकडे लिहून पाहू असे विनोबाजींच्या आधी मनात आले. परंतु सरकारी कागद किती वेगाने चालतो याची त्यांनाही कल्पना असावी. म्हणून जमलेल्या गावकऱ्यांनाच त्यांनी विचारले की, तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल काय? तेव्हा गावचे जमीनदार वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. मागितले ऐंशी, मिळाले शंभर! त्या रात्री विनोबाजींना नीट झोप लागली नाही, असे सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून मागणे सुरू झाले ते तेरा वर्षे चालले. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असे. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. देशातील लागवडीच्या जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर, हे उद्दिष्ट होते. तेलंगणात दोन महिन्यांच्या आत सुमारे १२ हजार एकर मिळाले. पुढे एकट्या बिहारने २० लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे दिली. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने आपली सगळीच जमीन गावाच्या नावे करून ग्रामदानाचा पाया घातला.

याच यात्रेत सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारात देवघर येथे वैद्यनाथाच्या दर्शनास ते हरिजनांना बरोबर घेऊन गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला, कानाला मार बसला. मारणाऱ्यांना शिक्षा करू नये असेच त्यांनी सांगितले. १९५८ साली मात्र पंढरपुरास विठ्ठलमंदिरात इतर धर्मांच्या सहकाऱ्यांसह त्यांचे स्वागत झाले. मंदिराच्या स्मरणिकेत या दोन्ही गोष्टींची नोंद असावी असे मला वाटते.

आता माझ्या खात्यातले थोडे लिहितो. देशभरात दानपत्रे झाली ती सुमारे ४२ लाख एकरांची, पण प्रत्यक्ष भूमिहीनांना वाटप झाले त्याच्या निम्म्याहूनही कमी जमिनीचे. कोणी खडकाळ माळ दिला, कोणी नदीपात्र दिले, कोणी कोर्टात तंटा चालू असलेली जमीन दिली, तर कोणी दिलेली परत विकली. जमीन मिळाली तरी बैल, बियाणे, विहीर कोठून आणायची? आपल्या विदर्भापुरता १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा होता. त्या वेळी विदर्भ त्या प्रांतात होता. तरीही दानपत्र आणि सातबारा यांच्यामध्ये पुष्कळ जमिनी अडकून पडल्या. यात विनोबाजींचा दोष कितपत? त्यांनी माणसांची मने वळवली. नोंदी लावण्याचे काम आमच्यासारख्यांचे होते.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई पिशवीत जुना पट्टा घेऊन आल्या. सासऱ्यांना भूदानात मिळालेले साडेतीन एकर घरची माणसे दोन पिढ्या कसत होती, पण फेरफार कधी झालाच नव्हता. सातबाऱ्यावर नाव दान देणाऱ्याच्या नातवांचे. त्यामुळे बँक पीककर्ज देईना, नुकसानभरपाई आली तीही दुसऱ्याच्याच नावावर. अभिलेख कक्षातले बस्ते सोडून पंधरा दिवस शोधले, तेव्हा वाटपाचा कागद मिळाला. नातवांपैकी एकाने हरकत घेतली. सुनावणीच्या दिवशी त्याचेच थोरले काका काठी टेकत आले आणि आमच्या बाबांनी ही जमीन सभेत सर्वांसमक्ष दिली होती, मी तेथे हजर होतो, असा जबाब देऊन गेले. फेरफार मंजूर झाला. भूदानाची जमीन म्हणून भोगवटादार वर्ग २ असा शेरा आहे, परवानगीवाचून विकता येत नाही. बाईंना त्याचे काही वाटले नाही. विकायची आहे कोणाला, असे म्हणून त्यांनी उतारा पदरात बांधला.

१९६४ मध्ये पदयात्रा संपवून विनोबाजी पवनारला परतले. आणीबाणीच्या काळात त्यांनी घेतलेल्या भूमिकेवर पुष्कळ टीका झाली, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. अखेरच्या आजारात त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

वर्ध्यास जाणे झाले तर पवनारला धाम नदीकाठी अवश्य जावे. तेथे शेत खणताना विनोबाजींना राम आणि भरत यांच्या भेटीचे एक जुने शिल्प सापडले. त्यांनी ते आश्रमातच स्थापन केले. आजही ते तेथे आहे.