ब्रिगहॅम यंग : दगडातले सूर्य, चंद्र, तारे

आजचे वाचन : 1 करिंथ 15:40-42

गेले काही दिवस आपण करिंथकरांस पहिले पत्र वाचतो आहोत. आजच्या वचनांत पौल पुनरुत्थानाबद्दल बोलता बोलता आकाशाकडे बोट दाखवतो. सूर्याचं तेज वेगळं, चंद्राचं वेगळं, ताऱ्यांचं वेगळं, आणि ताऱ्याताऱ्यांतसुद्धा फरक. अमेरिकेत युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी इथे एक मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर हाच उतारा कोरला आहे, अक्षरांत नव्हे, तर चित्रांत. ते मॉर्मन लोकांचं मंदिर. मी मॉर्मन नाही, त्यांची सगळी शिकवण मला पटतही नाही. पण ज्याने ते बांधायला घेतलं त्या ब्रिगहॅम यंगचं चरित्र वाचल्यापासून या वचनांशी मी जरा जास्त वेळ थांबतो.

ब्रिगहॅमचा जन्म 1 जून 1801 चा, व्हरमाँट राज्यातला. घर गरीब. चौदा वर्षांचा असताना आई गेली. शाळेत तो सगळे मिळून अकरा दिवस गेला असेल, असं तो स्वतःच सांगत असे. पुढे सुतारकाम शिकला, रंगकाम शिकला, खिडक्यांना काचा बसवायला शिकला. हे लक्षात ठेवा, कारण हा माणूस पुढे हजारो लोकांचा धर्मगुरू झाला तरी आतून सुतारच राहिला.

जोसेफ स्मिथचं मॉर्मनचं पुस्तक 1830 मध्ये छापलं गेलं. ब्रिगहॅमने ते दोन वर्षं चाळलं, पारखलं आणि मग 1832 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी जोसेफ स्मिथने आपल्याला झालेला एक दृष्टान्त सांगितला. मरणानंतर फक्त स्वर्ग आणि नरक असे दोन भाग नाहीत, तेजाची तीन राज्यं आहेत : सूर्यासारखं, चंद्रासारखं आणि ताऱ्यांसारखं. आधार आपला आजचाच उतारा. आता, पौल इथे पुनरुत्थित शरीराबद्दल बोलतो, राज्यांबद्दल नाही, असं मला वाटतं. गंमत म्हणजे ब्रिगहॅमलाही ते सुरुवातीला पचलं नव्हतं. लहानपणापासून शिकलेल्याच्या ते अगदी उलट होतं. त्याने ते बाजूला ठेवलं, प्रार्थना केली, वाट पाहिली आणि मग स्वीकारलं.

कर्टलंड इथल्या त्यांच्या पहिल्या मंदिराचं रंगकाम त्याच्या देखरेखीखाली झालं. दुसरं मंदिर इलिनॉयमधल्या नावू गावात. तिथे दगडांवर प्रथम सूर्य, चंद्र, तारे आले. सूर्याला तर नाकडोळे असलेला चेहरा! पण 1844 मध्ये जमावाने जोसेफ स्मिथला तुरुंगात ठार केलं. पुढारीपण ब्रिगहॅमकडे आलं आणि 1846 च्या फेब्रुवारीत, बर्फात, लोकांना गाव सोडावं लागलं. मागे राहिलेलं मंदिर दोन वर्षांनी कुणीतरी जाळलं.

24 जुलै 1847 रोजी तो सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला तेव्हा तापाने गाडीत आडवा होता. चारच दिवसांत त्याने मंदिराची जागा ठरवली. ना घरं, ना शेतं, आणि मंदिराची जागा आधी! त्या उजाड मुलुखाला त्याने नाव दिलं डेझरेट, म्हणजे मधमाशी. शब्द मॉर्मनच्या पुस्तकातला. मधमाश्यांचं पोळं हे त्यांचं चिन्ह झालं : सगळ्यांनी मिळून राबायचं, साठवायचं, कुणी आयतं खायचं नाही. ब्रिगहॅमच्या स्वतःच्या घराच्या माथ्यावरही पोळं आहे. अमेरिकी संसदेने डेझरेट हे नाव नाकारलं, पण पोळं आजही युटाच्या राज्यचिन्हात आहे.

मंदिराचा कोनशिला-समारंभ 6 एप्रिल 1853 ला झाला. आराखडा त्याचा मेहुणा ट्रुमन एंजेल याचा. 1858 मध्ये सरकारी फौज येते आहे म्हटल्यावर ब्रिगहॅमने सगळा पाया मातीखाली पुरून टाकला, वर नांगरलेलं शेत दिसावं असा. पुढे उकरला तर दगडांना तडे. सुताराची नजर! हजार वर्षं टिकायचं काम असं चालणार नाही म्हणून पाया पुन्हा घातला. वीसेक मैलांवरच्या डोंगरातून ग्रॅनाइट बैलांनी ओढत आणायचा. एकेका मोठ्या दगडाला तीन-चार दिवस लागत. आगगाडी आली ती 1873 मध्ये.

त्या दगडांवर खाली पृथ्वी, मध्ये चंद्र, वर सूर्य आणि मनोऱ्यांवर तारे. चंद्राच्या कला बदलत जातात. पश्चिमेच्या मनोऱ्यावर सप्तर्षी आहेत आणि त्यांची टोकाची जोडी खऱ्या ध्रुवताऱ्याकडे दाखवते : वाट चुकलेल्याला दिशा मिळावी म्हणून. सर्व काही पाहणारा देवाचा डोळा आहे, आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात. गलतीकरांच्या पत्रात याकोब, पेत्र, योहान पौलाला उजवा हात देतात ना, तेच सहभागितेचं चिन्ह. यातली काही चिन्हं फ्रीमेसन लोकांतही होती आणि नावूत असताना ब्रिगहॅम त्यांचा सभासद झाला होता. क्रूस मात्र कुठेच नाही. आमच्यासारख्यांना ते खटकतं. त्यांचं म्हणणं, आम्ही जिवंत ख्रिस्ताकडे पाहतो.

या माणसाबद्दल फक्त चांगलंच लिहिणं बरोबर नाही. त्याने पन्नासहून अधिक लग्नं केली. 1857 मध्ये माउंटन मेडोज इथे त्याच्या लोकांनी सुमारे 120 प्रवाशांची कत्तल केली, त्यात त्याचा दोष किती यावर वाद आहे. आणि 1852 मध्ये त्याने जाहीर केलं की कृष्णवर्णीयांना याजकपण मिळणार नाही. त्यातून मंदिरातले सर्वांत पवित्र विधीही त्यांना बंद झाले.

जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय बाई. 1843 मध्ये ती कनेक्टिकटहून नावूला निघाली. त्या वाटेचा मोठा भाग तिने पायी तुडवला. जोसेफ स्मिथच्या घरी ती कामाला होती. ब्रिगहॅमच्या पाठोपाठ, त्याच 1847 साली, ती सॉल्ट लेकला आली. चाळीस वर्षं ते मंदिर तिच्या डोळ्यांसमोर वर चढत गेलं. मृतांसाठीचा बाप्तिस्मा तिला करू दिला, पण त्या सर्वांत पवित्र विधींसाठी ती पुन्हा पुन्हा विनंती करत राहिली आणि पुन्हा पुन्हा नकार मिळाला.

ब्रिगहॅम 29 ऑगस्ट 1877 ला वारला. मनोरे उभे राहिलेले त्याने पाहिले नाहीत. मंदिराचं समर्पण 6 एप्रिल 1893 ला झालं. पुढल्या वर्षी पुढाऱ्यांनी जेनसाठी एक विधी केला : अनंतकाळासाठी तिला जोसेफ स्मिथची सेविका म्हणून जोडलं. तिला आत येऊ दिलं नाही, तिच्या जागी दुसरी स्त्री उभी राहिली. तरी जेन मागणं सोडेना. 1908 मध्ये ती गेली.

बंदी उठली 1978 मध्ये. पुढच्या वर्षी, जेनला जाऊन 71 वर्षं झाली असताना, तिने मागितलेला तो विधी मंदिरात तिच्या नावाने झाला.

उद्याचे वाचन : 1 करिंथ 15:43-49