मुक्या जनावरांच्या रोगांचा वेध घेणारे लुई पाश्चर (१८२२–१८९५)

पावसाळा तोंडावर आला की धाराशिव जिल्ह्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांतून गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचण्याची लगबग सुरू होते. भूम भागात खव्याच्या भट्ट्या दुधावर चालतात. तुळजापूर, कळंब, उमरगा या बाजूला ज्यांच्या नावावर एकरभर जमीन नाही, अशा घरांच्या दारातही दोन-चार उस्मानाबादी शेळ्या बांधलेल्या दिसतात. बहुधा काळ्या रंगाची, कमी चाऱ्यावर तग धरणारी आणि एका वेतात अनेकदा जुळी करडे देणारी ही शेळी दुष्काळी मुलखातील गरिबाची शिल्लक होय. रात्री धडधाकट असलेले जनावर पहाटे मरून पडलेले आढळले, तर त्या घरावर काय ओढवते हे आपल्या ग्रामीण धर्मग्रामांतील कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

घटसर्पाच्या जंतूचे शास्त्रीय नाव पाश्चुरेला असे आहे. ज्या शास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले, ते लुई पाश्चर आपल्याला माहीत असतात ते दुधाच्या पिशवीवरील ‘पाश्चराइज्ड’ या शब्दामुळे किंवा पिसाळलेल्या कुत्र्यावरील लसीमुळे. परंतु त्यांच्या आयुष्यातील ऐन भराची वर्षे मेंढ्या, कोंबड्या, डुकरे आणि रेशमाचे किडे यांच्या रोगांत गेली. त्या वर्षांची ही कहाणी आहे.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले, आई श्रद्धाळू. बालपण आर्ब्वा या गावात गेले. ते आठ-नऊ वर्षांचे असताना त्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले आणि जखमा लोहाराच्या भट्टीतील तापल्या सळईने डागण्यात आल्या. त्या किंकाळ्या या मुलाच्या मनातून कधी गेल्या नाहीत असे त्यांचे चरित्रकार लिहितात. पुढे शिक्षण रसायनशास्त्राचे झाले. ते वैद्यही नव्हते आणि पशुवैद्यही नव्हते, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी त्यांना जन्मभर ऐकवली. १८४९ साली मारी लोरां यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संध्याकाळी पतीने सांगितलेल्या नोंदी लिहून घेणारी ही पत्नी त्यांची पहिली सहकारी म्हणावी लागेल.

१८६५ साली दक्षिण फ्रान्समधील रेशीम उत्पादक डबघाईला आले होते. किड्यांच्या अंगावर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके उठत आणि बॅचच्या बॅच मरत. रसायनशास्त्रातील आपल्या गुरूंच्या आग्रहाखातर पाश्चर तेथे गेले, तेव्हा त्यांनी आयुष्यात कधी रेशमाचा किडा हातात धरला नव्हता. पाच-सहा हंगाम राबून त्यांनी दाखविले की हे एक नसून दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांपैकी पेब्रीन हा रोग मादी पतंगाकडून अंड्यांत उतरतो. उपाय साधा होता. मादीने अंडी घातली की तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि रोगाचे कण दिसल्यास तिची अंडी जाळून टाकावीत. मराठवाड्यात आज तुती लावणारा शेतकरी जे रोगमुक्त अंडीपुंज विकत घेतो, ते याच तपासणीतून आलेले असतात.

याच काळात त्यांच्या घरावर मात्र एकामागून एक घाव पडले. थोरली मुलगी जान १८५९ साली विषमज्वराने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी दोन वर्षांची कामिय गेली आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, तीही विषमज्वरानेच. पाच अपत्यांपैकी दोनच उरली. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. जनावरांच्या रोगांवरील त्यांचे मोठे कार्य यानंतरचे आहे. पुढील बहुतेक प्रयोगांत सुई आणि सुरी धरणारे हात सहकाऱ्यांचे होते.

फ्रान्सच्या बोस प्रांतात तेव्हा मेंढ्यांवर एका रोगाचा सतत घाला पडत असे. आपल्याकडे त्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात. काही शेते शापित समजली जात, कारण तेथे कळप चरायला नेला की मेंढ्या मरत. या रोगाचा जंतू टिकाऊ बीजाणू तयार करतो, हे जर्मनीतील डॉ. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली दाखविले होते. पण हे बीजाणू वर्षानुवर्षांनी पुन्हा गवतावर येतात कसे, हा प्रश्न होता. शार्त्रजवळच्या एका शेतात फिरताना पाश्चर यांना एका ठिकाणच्या मातीचा रंग वेगळा दिसला. आदल्या वर्षी मेलेल्या मेंढ्या तेथे पुरल्या आहेत, असे शेतकऱ्याकडून कळले. त्या मातीवर गांडुळांनी काढलेल्या विष्ठेच्या बारीक गोळ्या होत्या. त्या तपासता रोगाचे बीजाणू सापडले. शापाचा उलगडा असा झाला. फाशीने मेलेले जनावर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये, चराऊ जमिनीत उथळ पुरू नये, हा जो सल्ला आजही आपले पशुवैद्य देतात, त्याचे मूळ येथे आहे. नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त आलेले जनावर दिसले तर त्याला हात न लावता दवाखान्यास कळवावे.

लसीचा मार्ग मात्र कोंबड्यांनी दाखविला. कोंबड्यांच्या पटकीच्या जंतूचा नमुना पाश्चर यांना तुलूझ येथील पशुवैद्यकीय विद्यालयाचे तरुण प्राध्यापक आंरी तूसँ यांनी पाठविला होता. प्रयोगशाळेत बरेच दिवस पडून राहिलेले जंतू टोचले, तर कोंबड्या आजारी पडत पण मरत नसत आणि पुढे ताज्या जंतूंनाही दाद देत नसत. रोगजंतूला दुबळे करून त्याचाच उपयोग संरक्षणासाठी करता येतो, ही गोष्ट १८८० साली पाश्चर यांनी जगापुढे मांडली. इंग्लंडच्या जेन्नर यांनी देवीवर गाईच्या देवीची लस शोधली होती. त्यांच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ हा गाईच्या लॅटिन नावावरून आलेला शब्द सर्वच लसींना लावावा, असे पाश्चर यांनी १८८१ मध्ये सुचविले.

त्याच वर्षी मेलँ शहरानजीक पुयी-ल-फॉर या खेड्यात, रॉसिन्योल नावाच्या पशुवैद्याच्या वाडीवर, फाशीच्या लसीची जाहीर परीक्षा ठरली. रॉसिन्योल स्वतः जंतुवादाची थट्टा करणारे होते. चोवीस मेंढ्या, एक शेळी आणि सहा गाई-बैल यांना ५ मे व १७ मे रोजी लस टोचली गेली. आणखी चोवीस मेंढ्या, एक शेळी व चार गाई तशाच ठेवल्या. ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू टोचले. २ जून रोजी दुपारी शेतकरी, पशुवैद्य, अधिकारी व वार्ताहर यांची गर्दी जमली, तेव्हा लस न दिलेल्या एकवीस मेंढ्या आणि ती शेळी मरून पडली होती. आणखी दोन मेंढ्या लोकांदेखत कोसळल्या, शेवटची दिवस मावळेपर्यंत गेली. लस न दिलेल्या गाई मेल्या नाहीत, पण सुजून तापाने फणफणल्या. लस दिलेली सर्व जनावरे उभी होती. (त्यांतील एक गाभण मेंढी नंतर काही दिवसांनी मेली.) १८९४ पर्यंत फ्रान्समध्ये सुमारे ३४ लाख मेंढ्यांना ही लस दिली गेली आणि मरतूक शेकडा एकपर्यंत खाली आली.

ही विजयकथा शाळेच्या पुस्तकांत येते, पण तेथे ती अर्धीच असते. पाश्चर यांनी लोकांना असे भासू दिले की पुयी-ल-फॉरची लस ही हवेतील प्राणवायूने जंतू दुबळे करण्याच्या त्यांच्या स्वतःच्या पद्धतीची आहे. प्रत्यक्षात ती त्यांचे सहकारी शांबर्लां यांनी रसायन वापरून तयार केली होती आणि ती कल्पना तूसँ यांच्या पद्धतीला जवळची होती. तूसँ यांनी आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, फाशीवरील आपली लस जाहीर केली होती. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या कुटुंबाने दीर्घकाळ बंद ठेवल्या. त्या अभ्यासकांना १९७० च्या दशकात खुल्या झाल्या, तेव्हा हे सारे त्यांच्याच हस्ताक्षरात सापडले. तूसँ आजारपणात खचले आणि १८९० साली अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. थोरांची चरित्रे लिहिताना आपण बहुधा असा भाग गाळतो. मला ते योग्य वाटत नाही. लसीने मेंढ्या वाचल्या हे जितके खरे, तितकेच एका पशुवैद्याचे श्रेय झाकले गेले हेही खरे आहे.

पुढची वर्षे धावपळीची होती. डुकरांच्या रोगावरील लस करण्यात पाश्चर यांचा उजवा हात असलेले तरुण लुई थ्युलिये १८८३ साली इजिप्तमध्ये पटकीचा शोध घेताना त्याच रोगाने मरण पावले. ६ जुलै १८८५ रोजी, आधी कुत्र्यांवर पारखलेली पिसाळरोगाची लस, जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या चावा झालेल्या मुलाला देण्यात आली. पाश्चर डॉक्टर नसल्याने सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. मुलगा वाचला आणि जगभरच्या देणग्यांतून १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पाश्चर भारतात कधी आले नाहीत, पण त्यांचे शास्त्र लवकरच आपल्या अंगणात आले. बुळकांडीने देशातील गुरे हजारोंनी मरत होती. त्यासाठी १८८९ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड होते. भरवस्तीत अशा रोगाचे जंतू बाळगणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविली गेली. तेथे १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन दुबळा केला गेला आणि त्याची लस झाली. एका प्राण्याच्या अंगातून जंतू फिरवून त्याचा जोर कमी करावयाचा, ही युक्ती पाश्चर यांनी डुकरांच्या रोगासाठी सशांवर वापरलेलीच होती. पुढे याहून चांगल्या लसी आल्या. २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आता तिचीच बहीण शोभणारा, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग २०३० पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट आहे. उस्मानाबादी शेळीच्या कानाजवळ किंवा मानेवर कातडीखाली दिली जाणारी पीपीआरची लस त्या कामाचाच भाग आहे.

पाश्चर यांच्या श्रद्धेविषयी आपल्याकडे बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. आगगाडीत रोजरी करणारा म्हातारा आणि त्याला हिणवणारा विद्यार्थी ही त्यांपैकी एक. तिला विश्वसनीय आधार नाही, तेव्हा ती प्रवचनांतून वगळलेली बरी. जे नोंदलेले आहे ते एवढे की, १८८२ मध्ये फ्रेंच अकादमीत प्रवेश करताना, अनंताचा विचार बाजूस सारणाऱ्या तत्कालीन मतांचा त्यांनी जाहीर प्रतिवाद केला. मात्र प्रयोगशाळेत श्रद्धा पुरावा म्हणून त्यांनी कधी आणली नाही.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसबाहेर, संस्थेच्या प्रयोगातील कुत्री व घोडे जेथे ठेवीत त्या आवारात, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी धर्मगुरूंनी त्यांना अखेरचे संस्कार दिले होते. शेवटच्या क्षणी एक हात पत्नीच्या हातात आणि दुसऱ्या हातात क्रूस होता. अंत्यविधी नोत्र दाम महामंदिरात सरकारी इतमामात झाला. १८९६ च्या जानेवारीत त्यांचा देह पाश्चर इन्स्टिट्यूटच्या तळघरातील समाधीत आणण्यात आला. तेथील घुमटावर चार देवदूत आहेत. तीन श्रद्धा, आशा आणि प्रीती यांचे, चौथा विज्ञानाचा. खालच्या कमानींवर रंगीत काचखड्यांतून मेंढ्या, कोंबड्या, कुत्रे आणि तुतीची पाने रेखाटली आहेत. १९१० साली मारी पाश्चर यांनाही त्याच ठिकाणी ठेवण्यात आले.