हुकूम साहेबाचा, शिक्षा कामगाराला : हॅरॉल्ड लारवूडची गोष्ट

क्रिकेटचा थोडाफार नाद असलेल्या माणसाने 'बॉडीलाइन' हा शब्द ऐकलेला असतोच. 1932-33 च्या त्या मालिकेत ऑस्ट्रेलियन फलंदाजांच्या अंगावर जो गोलंदाज चेंडू टाकत होता, त्याचं नाव हॅरॉल्ड लारवूड. इंग्लंडने मालिका 4-1 अशी जिंकली. लारवूडने 33 विकेट घेतल्या. आणि त्यानंतर तो इंग्लंडकडून एकही कसोटी खेळला नाही. तेव्हा त्याचं वय होतं फक्त 28.

असं का झालं, हे समजायला त्या काळचं इंग्लिश क्रिकेट आधी समजून घ्यायला हवं.

तिथे खेळाडूंच्या दोन जाती होत्या. पैसेवाल्या, शिकल्यासवरल्या घरातले हौशी खेळाडू म्हणजे 'जंटलमन', आणि पगार घेऊन खेळणारे 'प्रोफेशनल'. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच मैदानांवर आत यायची फाटकंही वेगळी. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, तर पगारी खेळाडूची नंतर. कर्णधार जवळपास नेहमी हौशीच. हा भेद मोडायला 1962 साल उजाडावं लागलं. आपल्याला पंगतीतला भेद चांगला माहीत आहे, त्यामुळे हे समजायला वेळ लागू नये.

लारवूड दुसऱ्या पंगतीतला. जन्म 14 नोव्हेंबर 1904, नॉटिंगहॅमशायरमधल्या नन्कारगेट या खाणकामगारांच्या गावात. वडील कोळशाच्या खाणीत. पोराने तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि चौदाव्या वर्षी तोही खाणीत लागला. जमिनीखालच्या अंधारात कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या तट्टांना हाकायचं काम. वर आलं की गावच्या संघातून क्रिकेट. त्याच गावचे जुने कौंटी खेळाडू जो हार्डस्टाफ यांनी पोराची गोलंदाजी पाहिली आणि 1923 मध्ये त्याला ट्रेंट ब्रिजवर चाचणीसाठी नेलं. पुढच्या वर्षी तो नॉटिंगहॅमशायरकडून पहिला सामना खेळला.

वेगवान गोलंदाज म्हटला की उंच, धिप्पाड माणूस डोळ्यांसमोर येतो. लारवूड तसा नव्हता. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. पण खाणीत कमावलेले खांदे आणि पाठ, लयीत येणारी धाव आणि शेवटी चाबकासारखा फिरणारा हात. वेग मोजायची यंत्रं तेव्हा मैदानात नव्हती, तरी त्या पिढीतला सर्वांत वेगवान म्हणून त्याचंच नाव घेतलं जाई. 1926 मध्ये तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. त्याच मालिकेत ओव्हलच्या निर्णायक कसोटीत त्याने सहा विकेट घेतल्या आणि इंग्लंडने मालिका जिंकली. 1928 मध्ये ब्रिस्बेनला एका डावात 32 धावांत 6 बळी.

मग आला 1930 चा उन्हाळा आणि डॉन ब्रॅडमन. या पोराने एका मालिकेत 974 धावा कुटल्या. लारवूडला तीन कसोटींत फक्त चार विकेट मिळाल्या, त्याही 73 च्या सरासरीने. ब्रॅडमनला रोखायचं कसं, हा प्रश्न सगळ्या इंग्लंडला पडला.

उत्तर शोधलं डग्लस जार्डिन याने. हा जार्डिन आपल्या मुंबईत, मलबार हिलवर जन्मलेला. बाप वकील, शिक्षण ऑक्सफर्डला. 1932 च्या दौऱ्यासाठी तो कर्णधार झाला. निघण्याआधी ऑगस्टमध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातल्या हॉटेलात त्याने लारवूड, त्याचा जोडीदार बिल व्होस आणि नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार आर्थर कार यांना जेवायला बोलावलं. व्होससुद्धा खाणीतलाच. तिथे बेत ठरला. चेंडू लेग स्टंपच्या रोखाने आपटायचा, तो फलंदाजाच्या बरगड्यांकडे आणि डोक्याकडे उसळणार. लेग साईडला जवळ पाच-सहा क्षेत्ररक्षक. अंग वाचवायला बॅट वर घेतली की झेल. तेव्हा हेल्मेट नव्हतं, छातीला पॅड नव्हतं.

ॲडलेडच्या तिसऱ्या कसोटीत भडका उडाला. 14 जानेवारी 1933 रोजी लारवूडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुलच्या छातीवर, हृदयाजवळ बसला. तो चेंडू टाकताना क्षेत्ररचना नेहमीचीच होती. पण थोड्याच वेळात जार्डिनने सगळे क्षेत्ररक्षक लेग साईडला हलवले आणि प्रेक्षक खवळले. पुढे यष्टिरक्षक बर्ट ओल्डफिल्डची कवटी फुटली, तीही लारवूडच्याच चेंडूवर. ऑस्ट्रेलियन मंडळाने इंग्लंडच्या खेळाला अखिलाडू ठरवणारी तार लंडनला धाडली. प्रकरण दोन देशांच्या संबंधांपर्यंत गेलं.

आता यातली मेख बघा. त्याच संघात गबी ॲलन नावाचा वेगवान गोलंदाज होता. त्याने असे चेंडू टाकायला सरळ नकार दिला. तो हौशी होता, जार्डिन त्याचं काही वाकडं करू शकला नाही. पुढे तो इंग्लंडचा कर्णधार झाला आणि 'सर'ही झाला. पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांनीही लेग साईडच्या त्या सापळ्यात उभं राहायला नकार दिला. पहिल्या कसोटीत शतक ठोकूनही दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना बाहेर बसवलं गेलं, पण त्यांची रोजीरोटी काही क्रिकेटवर नव्हती. लारवूडची होती. अर्थात तो निव्वळ हुकमाचा ताबेदार होता असंही नाही. बेत त्याला पटलेला होता आणि जार्डिनबद्दल त्याला शेवटपर्यंत आदर होता.

सिडनीच्या शेवटच्या कसोटीत संध्याकाळी त्याला मनाविरुद्ध फलंदाजीला पाठवलं. रागाने त्याने 98 धावा काढल्या. ज्या प्रेक्षकांनी महिनाभर शिव्या घातल्या, त्यांनीच उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर गोलंदाजी करताना डाव्या पायाचं हाड मोडलं. तरी ब्रॅडमन बाद होईपर्यंत जार्डिनने त्याला मैदान सोडू दिलं नाही. ब्रॅडमन बाद झाला आणि दोघे एकाच वेळी तंबूकडे निघाले, एक लंगडत. एकमेकांशी शब्दही बोलले नाहीत.

नॉटिंगहॅमला परतल्यावर गर्दीने त्याला डोक्यावर घेतलं. पण साहेब लोकांचा विचार बदलला होता. 1934 मध्ये ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडला येणार होता आणि वाद मिटवायचा होता. लारवूडला सांगण्यात आलं की माफी माग. त्याने विचारलं, कशाची? कर्णधाराने सांगितलेलं काम केलं त्याची? त्याने माफी मागितली नाही, वर्तमानपत्रातून आपली बाजूही मांडली. दार बंद झालं ते कायमचं.

त्या हिवाळ्यात जार्डिन मात्र इंग्लंडचा कर्णधार म्हणून भारतात आला होता. डिसेंबर 1933 मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. समोर भारताचे कर्णधार होते इंदूरच्या होळकर दरबारचे सी. के. नायडू. पुढे जार्डिननेही ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळायचं नाही असं जाहीर केलं, पण माफी माग असं त्याला कुणी म्हटलं नाही.

लारवूड कौंटीसाठी खेळत राहिला. पाय पूर्वीसारखा राहिला नव्हता, तरी 1936 च्या हंगामात त्याने 12.97 च्या सरासरीने 119 विकेट काढल्या. 1938 मध्ये थांबला. प्रथम श्रेणीत 1427 विकेट, कसोटीत 21 सामन्यांत 78. नंतर ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचं छोटं दुकान काढलं.

1950 मध्ये त्याने बायको लोइस आणि पाच मुलींना घेऊन देश सोडला. गेला कुठे, तर ऑस्ट्रेलियाला! जहाजही तेच, 1932 मध्ये संघाला घेऊन गेलेलं 'ओरॉन्टेस'. तिथे त्याला आधार दिला जॅक फिंगल्टनने, म्हणजे ज्याच्या अंगावर त्याने चेंडू टाकले होते त्या फलंदाजाने. सिडनीत शीतपेयांच्या कंपनीत नोकरी मिळाली, छोटंसं घर झालं. जुने प्रतिस्पर्धी गप्पा मारायला येत. घरात एक चांदीचा ॲश-ट्रे होता, जार्डिनने मालिकेनंतर आभार म्हणून दिलेला. तो त्याने जन्मभर जपला.

1993 मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला एमबीई किताब दिला. मालिकेला साठ वर्षं झाली होती आणि तो 88 वर्षांचा होता. 22 जुलै 1995 रोजी सिडनीत तो गेला.

वरच्याने तोंडी सांगायचं, खालच्याने करायचं आणि चौकशी लागली की खालच्यानेच लिहून द्यायचं, हे आपण कचेरीत, कारखान्यात, सोसायटीत रोज बघतो. लारवूडने ते लिहून दिलं नाही. त्यासाठी त्याने देशाची टोपी घालवली आणि पुढे देशही सोडला.