पंडितजी आणि त्यांची मुले

पंडित विष्णु नारायण भातखंडे जन्मले गोकुळाष्टमीला आणि गेले गणेश चतुर्थीला. 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वरला त्यांचा जन्म झाला, आणि 19 सप्टेंबर 1936 रोजी, घरोघरी गणपती बसत होते त्याच दिवशी, त्यांनी देह ठेवला. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करायला एवढे निमित्त पुरे आहे. पण जयेंद्रगंजात काय किंवा सगळ्या लष्करात काय, आम्हां मराठी मंडळींचे त्यांच्याशी असलेले नाते तिथीपुरते नाही. ज्या घरात पेटी आहे त्या घरात बहुधा त्यांचे ‘क्रमिक’ही असतेच, पुठ्ठा निसटलेले, आजीपासून नातीपर्यंत आलेले.

पंडितजी पेशाने वकील. 1885 साली बी. ए. आणि 1887 साली एलएल. बी. झाले. सतार शिकलेले होते, मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत पुष्कळ गाणे ऐकलेले आणि शिकलेले होते. घर होते, संसार होता. 1900 साली पत्नी गेली, 1903 साली मुलगी गेली. चरित्रकार हे एका ओळीत सांगून पुढे सरकतात. आम्हांला मात्र तिथेच थांबावेसे वाटते. चाळिशी उलटलेल्या या माणसाने वकिली सोडली आणि तो गावोगाव गाण्याच्या शोधात हिंडू लागला. दक्षिणेत गेला, उत्तरेत गेला, ग्रंथ चाळले, उस्तादांच्या पायाशी बसला. रामपूरला वझीर खाँसाहेबांपुढे तो शिष्य म्हणूनच बसला. घराणेदार बंदिशी तेव्हा कुलुपात असत. मुलगा किंवा जावई नसलेल्याने त्या मागायच्या म्हणजे दारात उभे राहणे आलेच. शिकण्यासाठी किती नमावे लागते हे ज्याला ठाऊक होते, असा हा शिक्षक होता.

1916 साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि त्यानंतर आमच्या माधवराव महाराजांनी ग्वाल्हेरात संगीताचे विद्यालय काढायचे मनावर घेतले. शिकवायला माणसे हवीत म्हणून 1917 साली इथले काही निवडक गवई पंडितजींकडे मुंबईला धाडले. त्यांत राजाभैय्या पूछवाले होते. वय पस्तीस, शंकरराव पंडितांची तालीम घेतलेले, गळा तयार. समोर सत्तावन्न वर्षांचे पंडितजी. मैफली गाजवणारे गवई नव्हेत, वकिली केलेले गृहस्थ. हद्दू-हस्सू खाँच्या गावच्या गवयांना ते काय शिकवणार, असे कुणाच्याही मनात आले असते.

पंडितजींनी त्यांना लिहायला शिकवले. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब मंद्राचे, वर टिंब तारसप्तकाचे. समेला फुली, खालीला शून्य. आज पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येते. पण ज्यांचे सारे शिक्षण कानाने झाले, त्यांनी पस्तिशीत पाटी हाती घ्यायची आणि ती घेताना त्यांचा मान राहील असे शिकवायचे, हे सोपे नव्हते. मंडळी परत आली, जानेवारी 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि हेच गवई तिथले शिक्षक झाले. पंडितजी मधूनमधून ग्वाल्हेरला येत, विद्यालय पाहत, परीक्षा घेत.

स्वरलिपीने गवई घडतो का, हा वाद आमच्या शहरात तेव्हाही होता आणि अजून मिटलेला नाही. कृष्णराव शंकर पंडितांची स्वतंत्र शाळा 1914 पासून होतीच. पुस्तकातून गाणे येत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. बहुधा पंडितजींनाही मान्य असावे. नाहीतर त्यांनी श्रीकृष्ण रातंजनकरांना फैयाज खाँसाहेबांकडे पाठवले नसते. रातंजनकर त्यांचे लहानपणापासूनचे, सर्वांत लाडके शिष्य. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आपल्याजवळ जे नाही ते मुलाला दुसऱ्या गुरूकडून मिळावे, एवढाच विचार त्यांनी केला. शिष्य आपल्याच हाताखाली राहावा असे वाटणारे गुरू आपण पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून याचे मोल आम्हांला मोठे वाटते.

त्यांचा मोठा ग्रंथ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चार भागांचा, मराठीत, आणि सगळा गुरुशिष्यांच्या संवादात लिहिलेला. शिष्य शंका काढतो, पुन्हा काढतो, आणि गुरू न कंटाळता उत्तर देतो. वाचताना वाटते की हजारो पाने भरली तरी या माणसाला समोर कुणीतरी विचारणारे हवेच होते.

1926 साली लखनौचे मॅरिस कॉलेज त्यांच्याच खटपटीने उभे राहिले. प्राचार्यपदावर ते स्वतः बसले नाहीत. 1928 पासून ती खुर्ची रातंजनकरांनी सांभाळली. इकडे ग्वाल्हेरला राजाभैय्या प्राचार्य झाले. 1933 साली पंडितजींना पक्षाघात झाला, मांडीचे हाड मोडले, आणि शेवटची तीन वर्षे अंथरुणातच गेली. पत्नी नाही, मुलगी नाही. पण लखनौला, ग्वाल्हेरला, बडोद्याला रोज सकाळी त्यांनी लिहून ठेवलेल्या चिजा गळ्यांतून निघत होत्या.

त्याच सुमारास कृष्णा गिंडे नावाचा अकरा वर्षांचा मुलगा बेळगावकडून लखनौला आला आणि रातंजनकरांच्या घरातच, घरचा म्हणून वाढला. राजाभैय्या 1949 पर्यंत आपल्या विद्यालयात शिकवत राहिले आणि 1956 साली गेले. सुमती मुटाटकर रातंजनकरांकडे शिकल्या तशाच आमच्या राजाभैय्यांकडेही शिकल्या, आणि पुढे दिल्ली विद्यापीठात संगीत शिकवायला उभ्या राहिल्या.