गिल्बर्ट व्हाइट : एकच गाव आयुष्यभर बघत राहिलेला माणूस

इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये सेलबर्न नावाचं छोटंसं गाव आहे. १७२० मध्ये गिल्बर्ट व्हाइट इथेच जन्मला. आजोबा गावचे धर्मगुरू. ऑक्सफर्डला शिकून नातूही धर्मगुरू झाला.

पण आजोबांची गादी काही त्याला मिळाली नाही. सेलबर्नची नेमणूक ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या हातात होती आणि हा पडला ओरिएल कॉलेजचा. बाहेरगावी मोठ्या जागेवर जाता आलं असतं. पण पठ्ठ्या मदतनीस धर्मगुरू म्हणून गावातच राहिला.

मग केलं काय? रोज गाव बघितलं आणि लिहून ठेवलं. पाऊस किती पडला, बागेत काकड्या कशा आल्या, सगळं. अभ्यासक मेलेले पक्षी तपासत असताना हा जिवंत पक्षी ऐकायचा. सारख्याच दिसणाऱ्या पक्ष्यांच्या तीन जाती त्याने आवाजावरून वेगळ्या ओळखल्या. गांडुळांशिवाय जमीन निकस होईल, हे त्याने १७७७ मध्येच लिहिलं. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक आलं १८८१ मध्ये!

दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांतून त्याचं पुस्तक तयार झालं. सेलबर्नचा निसर्ग आणि जुना इतिहास, दोन्ही त्यात आले. ते छापून आलं तेव्हा व्हाइट ६८ वर्षांचा होता.

१७९३ मध्ये तो गेला. गावच्या चर्चच्या आवारातल्या थडग्यावर फक्त नावाची आद्याक्षरं आणि तारीख आहे. पूर्ण नाव नाही. पण सेलबर्न आज जगाला माहितीये, ते त्याच्यामुळेच.