शाळा तीन वर्षंही नाही, पण डायरी जगभर पोहोचली! संत फॉस्टिना यांची जीवनकहाणी

घरात दहा लेकरं, शेती थोडी, हातात पैसा नाही. पोलंडमधल्या ग्लोगोविएत्स या खेड्यात अशाच एका शेतकऱ्याच्या घरी २५ ऑगस्ट १९०५ रोजी हेलेना कोवाल्स्का हिचा जन्म झाला. शाळा तीन वर्षंही धड झाली नाही. सोळाव्या वर्षी ती शहरात घरकामाला लागली.

मनात मात्र एकच ओढ होती, सिस्टर व्हायचं. आई-वडिलांचा नकार होता. वॉर्सातल्या एका मठानं तिला आधी थोडे पैसे जमवून यायला सांगितलं. तिनं वर्षभर मोलमजुरी केली आणि १ ऑगस्ट १९२५ ला मठात दाखल झाली. तिथं तिचं नाव सिस्टर फॉस्टिना झालं. काम तेच, स्वयंपाक, बागकाम आणि दारावर येणाऱ्यांना बघणं.

२२ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री प्वोत्स्कच्या मठात येशूनं दर्शन दिलं, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या हृदयाजवळून लाल आणि फिकट असे दोन किरण निघत होते. निरोप साधा होता. माणसाच्या पापापेक्षा देवाची दया मोठी आहे, म्हणून भिऊन लांब राहू नका, भरवसा ठेवा. आणि दुसऱ्यावरही दया करा.

यावर सहजासहजी विश्वास कोण ठेवणार? त्यांची मानसिक तपासणीसुद्धा झाली, त्यात काही दोष निघाला नाही. फादर सोपोच्को यांनी त्यांना डायरी लिहायला लावली. एकदा त्यांनी लिहिलेलं जाळून टाकलं, तर फादरांनी पुन्हा लिहून घेतलं. १९३४ मध्ये विल्नियस इथं चित्र तयार झालं, पण पाहिलेलं रूप त्यात उतरलं नाही म्हणून त्या रडल्या.

५ ऑक्टोबर १९३८ रोजी क्राकूवमध्ये क्षयरोगानं त्या गेल्या. वय अवघं ३३. पुढं १९५९ मध्ये व्हॅटिकननं या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली. तब्बल १९ वर्षं ती टिकली आणि १९७८ मध्ये उठली. तोवर क्राकूवच्याच आर्चबिशपांनी त्यांच्या जीवनाची चौकशी करून घेतली होती. तेच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले. ३० एप्रिल २००० रोजी त्यांनी फॉस्टिना यांना संत घोषित केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा ठरवला.

आज हा रविवार जगभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये पाळला जातो. फॉस्टिना यांना यातलं फारसं काही पाहायला मिळालं नाही. दुसऱ्यांना जो भरवसा ठेवायला सांगितला, त्याच्याच आधारावर त्या शेवटपर्यंत जगल्या.